बाप ब्रिटिश, बाळ सोलापूरचं

मागच्या अंकात ओसीआय कार्डाबद्दल लिहिलं होतं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या आपल्या माणसांना इथं येण्याजाण्याची जी कायमची सोय असते ती. त्यावर जी पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच घरातून आल्यासारखी. लेक नाहीतर सून इंग्लंडहून बाळंतपणाला आली, बाळ सोलापुरात झालं, आता ते बाळ नक्की कुठलं धरायचं? काही पत्रं घेतोय, ओळख पटेल असा मजकूर काढलाय.

प्रश्न: आमची मुलगी आणि जावई लेस्टरला असतात. जावई मूळचे बार्शीचे, २०२१ साली तिकडचे नागरिक झाले. मुलीचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून आम्हीच हट्टानं तिला बोलावून घेतलं, नातू इथंच झाला. आता विहीणबाई फोनवर म्हणतात, तिकडं झाला असता तर आपोआप नागरिक झाला असता, तुमच्या हौसेपायी पोराचं नुकसान झालं. खरंच झालं का हो? आणि दुसरं म्हणजे ह्यांच्या मनात मोहोळकडची डाळिंबाची बाग नातवाला बक्षीसपत्र करून द्यायचंय, त्यात काही अडचण? – एक आजी, जुळे सोलापूर

उत्तर: आजी, काडीचंही नुकसान झालेलं नाही, हे विहीणबाईंना बिनधास्त सांगा. तुमचा नातू सोलापुरात जन्मला त्या क्षणापासून ब्रिटिश नागरिक आहे, त्यासाठी कुणाकडं अर्ज करायचा नाही, मंजुरी घ्यायची नाही.

तिकडचा कायदा आहे १९८१ चा, लागू झाला १ जानेवारी १९८३ पासून. त्यात ब्रिटिश नागरिकांचे ढोबळमानानं दोन प्रकार होतात आणि सगळी भानगड तिथंच आहे. एक, जो तिकडं जन्मला किंवा तिकडं राहून अर्ज करून, शपथ घेऊन नागरिक झाला, म्हणजे नॅचरलाइज झाला. दुसरा, जो बाहेर जन्मला पण आई किंवा बाप ब्रिटिश म्हणून नागरिक झाला, त्याला म्हणतात 'बाय डिसेंट', वंशानं आलेलं. पहिल्या प्रकारच्या माणसाचं मूल जगात कुठंही जन्मलं तरी आपोआप ब्रिटिश. दुसऱ्या प्रकारच्या माणसाचं मूल बाहेर जन्मलं तर आपोआप काही मिळत नाही. गंमत अशी की दोघांचे पासपोर्ट दिसायला सारखेच, आत कुठंही लिहिलेलं नसतं की हा कुठल्या प्रकारचा. त्यामुळं लोक पासपोर्ट बघतात आणि फसतात. तुम्ही जावयांचं नॅचरलायझेशन सर्टिफिकेट बघा, त्यावरची तारीख बाळाच्या जन्माआधीची आहे, विषय संपला.

पण नातू स्वतः आता 'बाय डिसेंट' झाला हे मात्र खरं. म्हणजे उद्या तो मोठा होऊन दुबईत नाहीतर पुण्यात राहिला आणि त्याचं मूल तिथं जन्मलं, तर त्या मुलाला ते आपोआप मिळणार नाही. विहीणबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे ते एवढंच, आणि ते पंचवीस-तीस वर्षांनी बघायचं.

आता कागद. नागरिकत्व आपोआप असलं तरी पासपोर्ट आपोआप येत नाही, तो मागताना सगळं सिद्ध करावं लागतं. आपल्याकडं लोक अडकतात ते लंडनच्या कायद्यात नाही, आपल्याच कागदांत अडकतात. महापालिकेचा जन्मदाखला आधी हातात घेऊन नीट वाचा. दवाखान्यानं नोंद पाठवली तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळं बऱ्याच दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. वर्षाच्या आत नाव घालायला फी नाही, नंतरही घालता येतं पण लेट फी भरून, तेव्हा आत्ताच घाला. मग आईबापांची नावं. मुलीचं नाव दवाखान्यात माहेरचं लिहिलं, पासपोर्टवर सासरचं, आणि जावयांचं स्पेलिंग ब्रिटिश पासपोर्टवर एक नि दाखल्यावर दुसरं, हे नेहमीचंच आहे आपल्याकडं, त्यात सोलापुरात तेलुगू घरांमधली नावं मराठीतून इंग्रजीत जाताना तर काय काय होतं ते ज्याचं त्याला माहीत. दुरुस्ती महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात होते, ती अर्ज करायच्या आधी करून घ्या, नंतर तिकडून पत्र आल्यावर धावपळ होते आणि कामही लांबतं.

लग्नाचं सर्टिफिकेटही हवं. त्या कायद्यात बाळाच्या जन्मावेळी आईचा जो नवरा तोच बाप धरतात, आणि इथं नागरिकत्व बापाकडून येतंय, म्हणून हा कागद महत्त्वाचा. कार्यालयात धूमधडाक्यात लग्न झालं, हजार पानं उठली, अल्बम आहे, व्हिडिओ आहे, पण नोंदणीच केली नाही अशी किती तरी जोडपी आहेत. उशिरा का होईना पण नोंदणी होते, करून घ्या. जो कागद नुसता मराठीत असेल त्याचं सर्टिफाइड इंग्रजी भाषांतर जोडायचं, जन्मदाखला आजकाल दोन्ही भाषांत येतो म्हणून त्याची चिंता नाही. अर्ज ऑनलाइन असतो, मूळ कागद मात्र द्यावे लागतात, त्यामुळं झेरॉक्स आणि स्कॅन काढून ठेवल्याशिवाय काही हातातून सोडू नका. आणि पासपोर्ट हातात येईपर्यंत बाळाचं तिकीट काढू नका, भारतातून केलेला पहिला अर्ज वेळ खातो.

इथं एक फाटा फुटतो तो मुलीला आणि जावयांना शांतपणे वाचून दाखवा. आई भारतीय, बाप इथं कायदेशीर आलेला, म्हणून आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानं नातू जन्मानं भारतीयही आहे. पण भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. दोन्ही पासपोर्ट काढून खिशात ठेवायचे, जिथं जो लागेल तो दाखवायचा, असला सल्ला देणारे खूप भेटतील, ऐकू नका, तो गुन्हा आहे. ब्रिटिश पासपोर्ट काढला तर बाळाच्या पासपोर्टवर भारताचा व्हिसाच नसतो, म्हणून देश सोडताना ई-एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या आपल्या सरकारी कार्यालयाच्या साइटवरून एक्झिट परमिट काढावं लागतं, आणि पुढच्या येण्याजाण्यासाठी ओसीआय. हे माहीत नसल्यामुळं एअरपोर्टवर इमिग्रेशनच्या खिडकीशी अडकतात लोक. दुसरा रस्ता म्हणजे भारतीय पासपोर्ट काढायचा आणि त्याच्या जोडीला 'सर्टिफिकेट ऑफ एंटायटलमेंट' घ्यायचं, म्हणजे तिकडं राहायचा हक्क आहे असा दाखला. तो ब्रिटिश पासपोर्टपेक्षा बराच महाग पडतो, पण बाळ भारतीय राहावं असं वाटत असेल तर हाच मार्ग. बाळासाठी साधा यूकेचा व्हिसा मागायला मात्र जाऊ नका, ते स्वतःच्या नागरिकाला व्हिसा देत नाहीत.

डाळिंबाच्या बागेचं सांगतो. ओसीआयवाल्याला काय किंवा परदेशात राहणाऱ्या भारतीयाला काय, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसानं मिळू शकते. तेव्हा आजोबांना म्हणावं बक्षीसपत्राचा स्टॅम्प आणू नका, नातवाला द्यायचीच असेल तर मृत्युपत्राचं बघा, चांगल्या वकिलाला दाखवून.

प्रश्न: माझ्या बायकोकडं ब्रिटिश पासपोर्ट आहे कारण तिचे वडील बर्मिंगहॅमला जन्मलेत, ती स्वतः मात्र पुण्यात जन्मली. तिकडं ती फक्त एमएससीला वर्षभर होती. आमची मुलगी सोलापुरात झाली, आता दोन वर्षांची आहे. एक एजंट म्हणतो आई ब्रिटिश म्हणजे मुलगी ब्रिटिश, पैसे भरा, पासपोर्ट गॅरंटीड. मित्र म्हणतो का बे फसतोस. कोण बरोबर? – एक वाचक, अशोक चौक

उत्तर: मित्र. वरच्या आजींचं उत्तर वाचलं असेल तर लक्षात आलं असेल, तुमची बायको दुसऱ्या प्रकारात येते, त्यामुळं मुलगी आपोआप ब्रिटिश नाही आणि पासपोर्टचा अर्ज केला तर तो परत येणार.

अशा मुलांसाठी कलम ३(२) आहे, त्यात मुलाची नोंदणी करून घेता येते, १८ वर्षांच्या आत. आजोबा पहिल्या प्रकारचे हवेत, ते तुमचे सासरे आहेतच. पण दुसरी अट अशी की बायकोनं मुलगी जन्मायच्या आधी कधीतरी सलग तीन वर्षं तिकडं राहिलेलं असलं पाहिजे आणि त्या तीन वर्षांत ती २७० दिवसांपेक्षा जास्त बाहेर नसावी. तिचं वर्षच झालंय. आणि ही अट जन्माआधीची आहे, त्यामुळं आता जाऊन तीन वर्षं राहिली तरी या मुलीसाठी या कलमाचा उपयोग नाही. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर त्याच्यासाठी होऊ शकतो, हे लक्षात ठेवा.

या मुलीसाठी उरतं ते कलम ३(५). तिघांनी तिकडं जाऊन तीन वर्षं राहायचं, २७० दिवसांची अट इथंही तिघांनाही आहे, आणि मुलगी १८ ची व्हायच्या आत दोघांच्या संमतीनं अर्ज करायचा. या मार्गानं मिळालेलं नागरिकत्व पहिल्या प्रकारचं धरतात, म्हणजे तिच्या मुलांपर्यंतही पोचतं, त्यामुळं लांबचा असला तरी रस्ता चांगला आहे. खर्च मात्र मोजून घ्या. नोंदणीची फीच मोठी आहे, शिवाय तुम्हाला स्पाउस व्हिसा लागणार, त्यासाठीची वार्षिक उत्पन्नाची अट २०२४ च्या एप्रिलमध्ये २९,००० पौंडांवर नेली. एजंटला पैसे दिले असतील तर पावती मागून बघा, गॅरंटीड हा शब्द तो लिहून देतो का ते कळेल.

प्रश्न: भावाला तिकडच्या नागरिकत्वाचं अप्रूव्हल आलं, आम्ही पेढेही वाटले. सेरेमनीची तारीख पुढची मिळाली आणि मधल्या दिवसांत वहिनीला इथं मुलगा झाला. अप्रूव्हल आधीचं आहे म्हणजे चालेल ना? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर: नाही चालणार, वाईट वाटतं सांगताना. माणूस नागरिक होतो तो सेरेमनीत शपथ घेतो त्या दिवशी, अप्रूव्हलच्या पत्राच्या तारखेला नाही. बाळ जन्मलं तेव्हा बाप फक्त आयएलआरवर, म्हणजे तिकडं कायम राहायच्या परवानगीवर होता, आणि आयएलआरवाल्याचं मूल तिकडं जन्मलं तर ब्रिटिश, बाहेर जन्मलं तर नाही. बाळाला व्हिसावर न्यावं लागेल आणि मग एमएन१ फॉर्म भरून कलम ३(१) खाली नोंदणी. ती हक्कानं मिळत नाही, अधिकाऱ्याला पटावं लागतं की पोराचं पुढचं आयुष्य तिकडंच आहे, पण आईबाप दोघं तिकडं स्थायिक असतील तर सहसा अडत नाही. उशीर करू नका, तेराच्या पुढं वय गेलं की निदान दोन वर्षं तिकडं राहिलेलं बघतात.

प्रश्न: माझी आई इंग्लंडमध्ये जन्मलेली, लग्न करून सोलापुरात आली. माझा जन्म इथला, १९७६ चा. वडील भारतीय. मागं एकदा चौकशी केली तेव्हा सांगितलं की आईकडून मिळत नाही. मी जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. आता काही होऊ शकतं का? – एक वाचक, सात रस्ता

उत्तर: तेव्हा सांगितलं ते तेव्हाच्या हिशोबानं बरोबर होतं. १९८३ च्या आधी बाहेर जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व बापाकडूनच यायचं, आईचं ब्रिटिश असणं जमेस धरायचेच नाहीत. तो अन्याय नंतर दुरुस्त केला आणि आता तुमच्यासारख्यांना कलम ४सी खाली नोंदणी करता येते, फॉर्मचं नाव यूकेएम. आईचा मूळ जन्मदाखला, आईवडिलांचं लग्नाचं सर्टिफिकेट आणि तुमचा जन्मदाखला हे मुख्य कागद. अर्जाला फी नाही, सेरेमनीची तेवढी भरावी लागते.

पण घाई करू नका. तुमचं प्रकरण वरच्या बाळांसारखं नाही, तुम्ही स्वतःहून अर्ज करून परदेशी नागरिक होणार, म्हणजे त्या दिवशी भारतीय नागरिकत्व गेलं. मतदान गेलं, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागणार, आणि मुख्य म्हणजे सरकारी नोकरी भारतीय नागरिकालाच असते. नावावरचा सातबारा जात नाही, नवीन शेतजमीन मात्र घेता येणार नाही. ४सी ला वयाची अट नाही, त्यामुळं रिटायर झाल्यावर अर्ज केला तरी चालतो. आईचा जन्मदाखला तेवढा आत्ताच मागवून ठेवा, इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसकडून ऑनलाइन मिळतो, त्याला तिचं जन्मगाव आणि तिच्या आईवडिलांची नावं लागतील, ती आईला विचारून लिहून घ्या.