वर्षभराची शाळा की लांब सुटीची?

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलायनातील केरी येथे राहतो. आमची पाच वर्षांची मुलगी यंदा शाळेत जाईल. वर्षभर चालणारी शाळा निवडावी, की लांब उन्हाळी सुटीची?

उत्तर : दोन्हींकडे शाळेचे दिवस जवळपास सारखेच असतात, म्हणून ‘वर्षभर’ या शब्दाने बिचकू नका. तुमच्या वेक काउंटीतील (जिल्ह्यातील) अशा अनेक शाळांत मुलांचे चार गट असतात आणि प्रत्येक गट साधारण 9 आठवडे शिकून 3 आठवडे सुटीवर जातो; एक गट नेहमी बाहेर असल्याने त्याच इमारतीत अधिक मुले सामावतात, हे या रचनेमागचे मोठे कारण आहे. नुकतीच अक्षरे जुळवू लागलेल्या मुलीची घडी सुमारे 10 आठवड्यांच्या खंडाने विस्कटू शकते, त्यामुळे माझा कल छोट्या सुट्यांकडे आहे. मात्र तुम्ही दोघेही नोकरी करत असाल, तर त्या 3-3 आठवड्यांच्या सुट्यांत मुलीला सांभाळणाऱ्या शिबिरांचा खर्च आधी मांडा. शिवाय अमेरिकेत जूनमध्ये लांब सुटी लागते तेव्हा महाराष्ट्रातील शाळा उघडतात आणि आजोळी गेलेल्या मुलीला मामेभावंडांचा सहवास फारसा लाभत नाही. दिवाळीच्या सुमारास सुटी असलेला गट मिळाला, तर हा सहवास लाभेल.