टॉनिकचं नाव विचारलंस, म्हणून

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. ‘मावशी, सारखं गळून गेल्यासारखं होतं, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, वाचलेलं डोक्यात राहत नाही. एखादं चांगलं टॉनिक सांग ना.’ नाव सांगायला मला मिनिटभरही लागलं नसतं, आणि बाटली संपेपर्यंत तुलाही बरं वाटलं असतं. पण पुण्यात सदाशिव पेठेत दवाखाना चालवताना ही तक्रार घेऊन येणारी कॉट बेसिसवरची, म्हणजे भाड्याच्या खोलीत एका खाटेपुरते पैसे भरून राहणारी मुलं-मुली मी इतकी पाहिली आहेत, की आता औषध लिहायच्या आधी तीन गोष्टी विचारते. काल किती वाजता झोपलीस? सकाळपासून काय खाल्लंस? पाळी कशी येते? तू यातलं काहीच लिहिलेलं नाहीस. तुझी स्टेटसं मात्र मी बघते. रात्री अडीचला अभ्यासिकेतला फोटो असतो आणि सकाळी साडेसातला प्रॅक्टिकलचा कंटाळा. मधे किती तास उरले ते तूच मोज.

म्हणून आधी झोपेबद्दल. तुझ्या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. दिवसा वाचलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेत करतो. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. चार तासांत गजर लावून उठलीस की हा पहाटेचा बराचसा वाटा बुडतो, आणि आदल्या रात्री पाठ केलेलं नीट बसायच्या आतच तू त्यावर नवीन धडा रचायला घेतेस. डोक्यात राहत नाही म्हणतेस, त्यातलं निम्मं इथेच आहे असं मला वाटतं.

अकराला झोपच येत नाही, असं तू म्हणशील. खरं आहे. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ थोडं उशिरा धावतं, त्यामुळे ‘आम्ही नवाला झोपायचो’ म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नकोस. झोपायची वेळ आपल्या हातात पूर्ण नसते, उठायची असते. रोज एकाच वेळी उठ, रविवारीसुद्धा. रविवारी बारापर्यंत लोळलीस की त्या रात्री दोनशिवाय डोळा लागत नाही, आणि सोमवारी तू परदेशातून विमानाने आल्यासारखी वर्गात बसतेस. उठल्यावर पंधरा मिनिटं गच्चीवर नाहीतर रस्त्यावर उजेडात जा. दुपारी डोळे मिटायला लागले तर तीनच्या आत वीस मिनिटं पड, गजर लावून.

सहाजणींच्या खोलीत हे जमवणं सोपं नाही, हे मला कळतं. एकीचा व्हिडिओ कॉल चालू, दुसरीचा दिवा जळतोय. त्यावर एकच इलाज आहे, तो म्हणजे भांडण न करता एकदा सगळ्यांनी बसून ठरवणं, की अकरानंतर मोठा दिवा बंद, वाचणारीने छोटा दिवा लावायचा, फोनवर बोलायला जिन्यात जायचं. आणि तुझा स्वतःचा फोन चार्जिंगला उशाशी नको, कपाटावर ठेव. गजर बंद करायला उठावं लागेल, तेही बरंच.

आता चहा. तू दिवसाला किती कटिंग घेतेस ते विचारत नाही, कारण खरं सांगणार नाहीस. चहातलं कॅफीन शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे रात्री नऊच्या चहातलं निम्मं कॅफीन दोन वाजताही तुझ्या रक्तात असतं. संध्याकाळी पाचनंतर चहा बंद कर, एवढंच म्हणते. पूर्ण सोड म्हणणार नाही, मलाही सुटलेला नाही. टपरीवर मिळणाऱ्या त्या रंगीत एनर्जी ड्रिंकचं मात्र समर्थन होऊ शकत नाही. नियमाप्रमाणे त्यात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत, आणि वर भरपूर साखर. त्या धडधडीला तू ताकद समजतेस.

चहाची दुसरी भानगड रक्ताची आहे आणि ती तुला जास्त लागू आहे. सकाळचा नाश्ता म्हणजे टपरीवरचे पोहे आणि त्याच घासाला चहा. चहातलं टॅनिन अन्नातलं लोह धरून ठेवतं, ते शरीरात शोषलं जात नाही. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलं आहे की जेवणाआधी आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी नको. पोह्यांवर लिंबू पिळ, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह उलट जास्त शोषलं जातं. चहा तासाभराने, लेक्चर संपल्यावर घे. यात पैसाही जास्त लागत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. तुमच्या खोलीत सहाजणी आहात, हिशेब कर. शाळेत आठवड्याला मिळायची ती लोहाची निळी गोळी आठवते? दप्तरातून घरी यायची आणि कचऱ्यात जायची, तीच. तू सारखी दमतेस, जिना चढताना धाप लागते आणि पाळीत जर चार-पाच दिवस सारखं पॅड बदलावं लागत असेल, तर सगळ्यात आधी माझा संशय रक्तावर जातो. या आठवड्यात सकाळी जाऊन सीबीसी (यात हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी कळतात), बी १२ जीवनसत्त्व आणि थायरॉइडसाठी टीएसएच, एवढ्या रक्ताच्या तपासण्या करून घे. बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे कमी. बी १२ यासाठी, की तू शाकाहारी आहेस आणि मेसच्या ताटात दूध-दही जवळजवळ नसतं. वनस्पतींत बी १२ नसतंच. आणि हो, बीटाचा रस पिऊन रक्त वाढत नाही. तो लाल असतो, इतकाच त्याचा रक्ताशी संबंध.

मेसबद्दल. मेसवाल्या काकूंना मी दोष देत नाही, तुम्ही जेवढे पैसे देता त्यात आमटी पातळच होणार आणि भाजीत बटाटाच वाढणार. तुझी चूक दुसरीकडे आहे. पैसे वाचवायला तू एक वेळची मेस लावलीस आणि रात्री नूडल्स, वडापाव, कधी नुसती बिस्किटं. महिन्याला जे वाचतं ते असंच खाऊन उडतं. दोन्ही वेळची लाव. पैशांची खरंच अडचण असेल तर लाजू नकोस, मला सांग, आणि विद्यापीठाच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेची चौकशी तुझ्या कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्याकडे कर.

ताटात जे कमी पडतं ते खोलीत ठेव. गॅस लागत नाही असं बरंच आहे. फुटाणे आणि शेंगदाणे डब्यात. मटकी रात्री भिजत घाल, सकाळी फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी मोड येतात, वर कांदा, टोमॅटो, लिंबू, मीठ. रोज एक वाटी दही, ते मेसला जाताना बरोबर ने. आई लातूरहून शेंगदाण्याची चटणी पाठवते ती खोलीत दोन दिवसांत संपवू नका, पुरवून खा. प्रथिनांचं गणित अवघड नाही. किलोमागे दिवसाला साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे तुझ्या ४८ किलोंना चाळीस ग्रॅमच्या आसपास. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेंगदाण्यांत सातेक ग्रॅम मिळतात. दुकानातले महागडे प्रोटीनचे डबे तुला नकोत. संकष्टीचा उपास करतेस तर कर, पण दिवसभर चहावर राहून रात्री साबुदाण्याची खिचडी, हा उपास शरीराला फार महाग पडतो. राजगिरा, दही, फळ, शेंगदाणे, हे उपासाला चालतंच की.

एक गोष्ट मुली कधी आपण होऊन सांगत नाहीत. कॉलेजातलं स्वच्छतागृह घाण असतं, म्हणून सकाळी निघाल्यापासून खोलीवर परत येईपर्यंत पाणीच प्यायचं नाही. मग डोकं दुखतं, अंधारी येते, आणि कधीतरी लघवीला जळजळ घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात. तू हे करतेस का, हे स्वतःशी खरं बोल. एक लिटरची बाटली कॉलेजच्या वेळेत संपायलाच हवी. स्वच्छतागृहाबद्दल चौघी-पाचजणी मिळून प्राचार्यांना लेखी द्या, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. बाटली मात्र उकळलेल्या किंवा नीट शुद्ध केलेल्या पाण्याची भर. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गुलियन बॅरे या नसांच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, दोनशेहून जास्त संशयित रुग्ण झाले आणि बोट दूषित पाण्याकडे गेलं. तेव्हा पंधरा दिवस सगळ्यांनी पाणी उकळलं. आता पुन्हा टपरीवरच्या जगमधलं पाणी चालतं.

‘मी तर बारीकच आहे, मला व्यायाम कशाला,’ हे तू मागे म्हणाली होतीस, ते माझ्या डोक्यात राहिलं आहे. आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या बारीकपणावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. काटा बारीक दाखवतो, आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, हा आपल्या लोकांचा नेहमीचा प्रकार, आणि मधुमेह आपल्याकडे लवकर येतो त्याचं हे एक कारण. तेव्हा वजनाकडे बघू नकोस, स्नायू कमव. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत नुसतं चाल. नंतर सकाळी बारा सूर्यनमस्कार आणि आठवड्यातून तीन-चारदा पर्वतीची टेकडी. पेठेतून चालत गेलीस तर जाऊन-येऊन तासाभराचं काम आहे. मैत्रिणीला बरोबर घे आणि अंधार पडायच्या आत खाली ये. टेकड्यांवर एकटीने जायचे दिवस राहिले नाहीत, हे लिहिताना मला चीड येते, पण लिहायला हवं.

अभ्यासिकेखाली मुलं सिगारेट ओढत उभी असतात, त्या घोळक्यात तू उभी राहू नकोस असं मी म्हणणार नाही. गप्पा तिथेच होतात. पण ‘एक झुरका, टेन्शन जातं’ हे खोटं आहे. जे टेन्शन जातं ते बहुतेक वेळा आधीच्या सिगारेटची तलफच असते.

आता मनाचं, जे तू मेसेजमध्ये लिहिलं नाहीस पण मला वाचता आलं. पूर्वी पुण्यात गरीब घरची मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या पद्धतीत उपकाराचं ओझं होतं, अपमान होता, जातीचा पंक्तिभेद तर होताच, तिचं गुणगान मला करायचं नाही. पण वाराचा मुलगा एके दिवशी आला नाही, तर त्या घरात कुणीतरी ‘आज का नाही आला?’ असं विचारायचं. तू चार दिवस मेसला गेली नाहीस तर कोण विचारेल? कूपन शिल्लक राहील, बस. म्हणून खोलीतल्या निदान एकीशी ठरव, की रात्रीचं जेवण दोघी बरोबर घ्यायचं आणि फोन पिशवीत ठेवायचा. एक नाही आली तर दुसरीने शोधायला जायचं.

तुझ्या खोलीतल्या त्या बीडच्या मुलीबद्दल तू दिवाळीत ओझरतं बोलली होतीस. अंघोळ करत नाही, क्लासला जात नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. हा आळस आहे असं समजू नका. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, मरणाची भाषा एकदाही तोंडात आली असेल, तर तिला थेट विचार, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट आणि मराठीत. तुला स्वतःलाही तो कधीही लावता येतो, त्यासाठी फार वाईट अवस्था यावी लागत नाही. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. तुमच्या कॉलेजात तो कुठे बसतो, कधी बसतो, हे ऑफिसात जाऊन विचार.

बीएस्सी आणि एमपीएससीचा क्लास, दोन्ही एकदम उरकायचा हट्ट मला पटलेला नाही. पण तो वेगळा वाद, समोरासमोर घालू.

रिपोर्ट आला की मला फोटो पाठव, औषधाच्या दुकानदाराला दाखवून काही घेऊ नकोस. लोहाच्या गोळ्या द्याव्या लागल्या तर त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, दूध-चहाबरोबर नाही. शौचाला काळं होईल, त्याला घाबरायचं नाही. हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायच्या, नाहीतर साठा भरत नाही. तुझ्या आईला मी अजून काही बोललेले नाही. ते तूच सांग, आणि सुट्टीत घरी जाईपर्यंत थांबू नकोस, या रविवारी फोनवर सांग. ती आधी रडेल आणि मग मेथीचे लाडू पाठवेल. सहाजणींना पुरतील एवढे पाठव म्हणावं.

तुझी,
मावशी