रिपोर्ट तसाच, मग वडील का खचले?

तुमचा प्रश्न असा: वडिलांना सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याचा जुनाट आजार) आहे, फुंकायच्या टेस्टचा आकडा वर्षभरात हललेला नाही, औषधं चालू आहेत, तरी माणूस खचत का चाललाय?

माझ्या आईला हाच आजार. बिडी कधी शिवली नाही; अमळनेरकडच्या आमच्या खेड्यात चाळीस वर्षं चुलीत कपाशीच्या काड्या जाळल्या, तेवढं पुरलं. तिच्यावरून सांगतो, त्या आकड्याचं आणि रोजच्या जगण्याचं फारसं जुळत नाही. आकडा सारखाच असलेल्या दोघांतला एक शेतात चक्कर मारून येतो, दुसरा अंगणात उतरायला घाबरतो.

डॉक्टरांकडे कॅट नावाची प्रश्नावली असते. 8 प्रश्न, 40 गुण, गुण जास्त तर त्रास जास्त. खोकला-बेडका त्यात आहेच, पण झोप कशी लागते, घराबाहेर पडायचा धीर होतो का, हेही विचारतात. आईचे गुण याच दोन ठिकाणी चढले होते. 'दम लागस, मंग कसाले जावानं?' एवढंच म्हणायची. दम लागेल म्हणून उठायचं नाही, उठत नाही म्हणून पायातलं बळ जातं, मग चार पावलांतच दम. डॉक्टरांना विचारून आम्ही तिला ओसरी ते लिंबाचं झाड एवढंच चालवायला लागलो. थांबायचं, नाकाने श्वास घ्यायचा, ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ सोडायचा, की पुन्हा पाऊल. दोन महिन्यांनी ती शेजारी बसायला जाऊ लागली.

औषध ओढायचा पंप (इनहेलर) ते कसा घेतात, हे मात्र आधी समोर बसून बघा. आई वर्षभर कॅप्सूलची पावडर चहाच्या घोटासारखी हळू ओढत होती. दुकानदाराने नुसता खोका हातात दिलेला. पावडरचा पंप जोरात, खोल ओढायचा, दहाएक सेकंद श्वास धरायचा. स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं.

जेवणाचंही बघा. पोट तट्ट भरलं की दम लागतो, म्हणून ही माणसं खाणंच तोडतात आणि वजन उतरतं. एक भाकरी दोन वेळांत थोडी थोडी द्या. फ्लूच्या लशीचं डॉक्टरांना विचारा. एकदा छाती भरली की माणूस महिनाभर मागे जातो.

आणि धूर. आमच्याकडे हिवाळ्यात मळ्यात जमून भरिताची वांगी काड्यांवरच भाजतात. एक वर्ष आईच्या काळजीपोटी आम्ही तिला खोलीत बसवून सगळे मळ्यात गेलो. ती रात्री जेवली नाही. आता वांगी आधी भाजून घेतो, जाळ पूर्ण विझला की तिला मोटरसायकलवर आणतो. मिठाचं तीच बघते.