मैत्रिणीसाठी केलेला जप तिलाच जड होतो तेव्हा

प्रश्न : माझे वय ६१ असून मी मिरजेत राहते. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीला अंडाशयाचा कर्करोग झाला आहे. आमची मैत्री लग्नाआधीपासूनची. तिच्या तीन केमो झाल्या, तीन बाकी आहेत. मी रोज पहाटे तिच्यासाठी विष्णुसहस्रनाम म्हणते. आमच्या भिशीतल्या अकरा जणींनी तिच्या नावाने सव्वा लाख जपाचा संकल्प केला असून रोजचा आकडा आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो. ती बरी झाली की तिला घेऊन तुळजापूरला ओटी भरायला येईन, असा नवसही मी बोलले आहे. गेल्या महिन्यात मात्र ती एकाएकी म्हणाली, “तुमचा जप पुरा झाला आणि माझी गाठ तशीच राहिली, तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू? आणि देवाचं नाव तर आता नकोच वाटतं.” तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. मी नेलेला पंचामृताचा प्रसादही तिच्या सुनेने तिला दिला नाही. माझे काय चुकले? जप थांबवू का?

उत्तर : जप थांबवू नका. तो तुमचा आणि तुमच्या देवाचा प्रश्न आहे, आणि इतक्या वर्षांच्या मैत्रिणीसाठी तुमच्या हातून दुसरे काही होण्यासारखे नसताना पहाटेची ती वेळ तुम्हालाही सावरून धरत असणार. थांबवायचे आहे ते ग्रुपवर आकडे टाकणे. तोंड आलेले, पाण्याचा घोटही गिळवत नाही, अशा अवस्थेत ती रात्री फोन उघडते आणि ‘आज ४,३२०’ हे वाचते. त्यावर निदान हात जोडल्याची खूण तरी टाकावी लागते. तुम्ही जे मायेने जमवत आहात, ते तिच्या लेखी दिवसेंदिवस वाढत जाणारे देणे झाले आहे आणि ते फेडायचे कसे, तर बरे होऊन. बरे होणे तिच्या हातात असते तर प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतील १,८०२ बायपास रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही, एवढेच ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्या ५२ टक्के आणि न झालेल्या ५१ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंतीला तोंड द्यावे लागले. मात्र प्रार्थना नक्की होणार आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. हा निव्वळ योगायोगही असू शकेल, आणि अनोळखी माणसांनी चौदा दिवस केलेल्या प्रार्थनेवरून श्रद्धेचे माप काढावे, असे मला मुळीच वाटत नाही. तरीही त्या वेळी जो एक तर्क मांडला गेला, तो तुमच्या मैत्रिणीच्या वाक्याजवळ जाणारा आहे : आपल्यासाठी एवढे चालले आहे, म्हणजे आपण बरे झालेच पाहिजे, हे दडपण रुग्णावर आले असावे.

नवसाचेही तेच. ‘ती बरी झाली की’ या अटीमुळे तुमचा शब्द पाळला जाणे तिच्या रिपोर्टवर अवलंबून राहिले आहे. देवीला एकदा सांगून ती अट काढून टाका, सवड होईल तेव्हा तुम्ही एकट्या जाऊन ओटी भरून या, आणि आल्यावर तिला त्याचे काही सांगू नका.

‘देवाचं नाव नको’ या बोलण्याने तुम्ही दुखावला असाल, तर जनाबाईला आठवा. तिने विठ्ठलाला अभंगातून शिव्या घातल्या आणि वारकऱ्यांनी ते अभंग टाकून दिले नाहीत. मैत्रीण चिडली तर चिडू द्या. त्या वेळी ‘असं बोलू नये गं’ एवढे म्हणण्याचा मोह आवरलात तरी पुष्कळ झाले.

सुनेवर मात्र राग धरू नका, तिचे बरोबर आहे. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी फार कमी होतात आणि साध्या जंतूंचाही संसर्ग जिवावर बेतू शकतो. कच्च्या दुधाचे पंचामृत, केव्हाची चिरून ठेवलेली फळे, पोटात घ्यायचा अंगारा, यांतले काहीही अशा वेळी देऊ नये. प्रसाद न्यायचाच असेल तर आधी सुनेला विचारून ताजा, गरम शिरा न्या. तुम्हाला साधी सर्दी असली, तरी त्या दिवशी जाऊच नका.

आता फोन. तो लावत राहू नका, एक निरोप पाठवा : “ग्रुपवरचं सगळं बंद केलंय. तू कशी आहेस हे मला कळवायची गरज नाही. पुढच्या केमोला मी यायचं का, एवढंच सुनेकडून कळव.” ती नाही म्हणाली तर त्याच्या पुढच्या केमोला पुन्हा विचारा. हो म्हणाली तर सलाईन चालू असेपर्यंतचे ते लांबलचक तास तिच्याशेजारी बसून काढा. ती गप्प राहिली तर तुम्हीही गप्प बसा, आणि ती भिशीतल्या कुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला लागली तर मनापासून सामील व्हा. डबा नेणार असाल तर चमचा लाकडाचा किंवा प्लास्टिकचा न्या, कारण केमोच्या दिवसांत पुष्कळांना स्टीलच्या चमच्याने खाल्लेला वरणभातही धातूसारखा लागतो.