फिट थांबली, पण पोरगा चिडका झाला. गोळी बंद करू का?

"गोळ्या खाईसन मना पोऱ्या बदली गया, ताई." पारोळ्याकडच्या एक मावशी पोराला घेऊन आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पोरगा विशीतला, जिनिंगमध्ये कामाला. लेव्हेटिरॅसिटाम ही फिटची गोळी सुरू झाल्यापासून फिट थांबली होती, पण जरा काही झालं की हा ताट भिरकावायचा. नंतर स्वतःच रडायचा.

तो बाहेर असला की मावशी बोलायच्या. मावशी उठल्या तेव्हा तो बोलला. रात्रीची गोळी तो गुपचूप टाकून देत होता. श्रावणात कानबाईचं जागरण झालं, झोप नाही, गोळीही नाही, आणि पहाटे अंगणात फिट येऊन कपाळ फुटलं. घरच्यांना वाटलं, गोळी चालूनही फिट आली, म्हणजे औषधच कुचकामी.

मी त्याला आधी एवढंच सांगितलं की हा राग त्याचा स्वभाव नाही. या गोळीने काही जणांना चिडचिड होते, मन उदास होतं. डॉक्टरांना हे नवीन नाही. मग सरळ विचारलं, "जीव नकोसा वाटतो का कधी?" हा प्रश्न मी कधीच टाळत नाही. तो म्हणाला, नाही, पण लाज वाटते. कुणाचं उत्तर 'हो' असेल तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा; टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही चोवीस तास चालू असतो.

डॉक्टरांना राग सांगितला होता का? नाही. "त्यांनी फिट आली का एवढंच विचारलं, मी नाही म्हटलं." खान्देशात मला हे घरोघर ऐकू येतं. फिट नाही म्हणजे बाकी सगळं सोसायचं, असं कुणी ठरवलंय? हात थरथरणं, वजन वाढणं, हिरड्या सुजणं, सतत झोप येणं, ही सगळी डॉक्टरांना सांगायचीच तक्रार आहे. टोपिरामेट या फिटच्याच दुसऱ्या गोळीने घाम कमी येऊ शकतो. मे महिन्यात जळगावच्या उन्हात राबणाऱ्याने तर ते नक्की विचारावं. फक्त गोळी मनाने तोडायची नाही. एकदम बंद केली तर फिटमागून फिट येऊन जिवावर बेतू शकतं.

आम्ही एक वही केली. गोळीची वेळ, झोप, राग कधी आला, फिट आली का. गोळी टाकून दिल्याचंही त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं. वही बघून डॉक्टरांनी औषध बदलायचं ठरवलं: लॅमोट्रिजिन हे फिटचं दुसरं औषध थोडं थोडं वाढवत न्यायचं आणि जुनी गोळी हळूहळू उतरवायची. याला कित्येक आठवडे लागतात. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. पुरळ दिसलं की लगेच डॉक्टरांकडे.

त्या काळात मोटारसायकल बंद, विहिरीवर एकट्याने जाणं बंद. मावशींना मी फिटच्या वेळी काय करायचं ते करून दाखवलं: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, चप्पल-कांदा हुंगवत बसायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना.

औषधाची बदली पूर्ण झाली आहे. मधे एक छोटी फिट आली, तीही वहीत आहे. राग बराच निवळलाय. मावशी आता त्याच्या लग्नाचं विचारतात, मुलीकडच्यांना सांगायचं की नाही. सांगायचं, असं मी म्हटलं आहे. पुढच्या खेपेला ते कसं सांगायचं, यावर तिघं बसणार आहोत.