अँजिओग्राफीआधीची धाकधूक

प्रश्न : माझे वय ६१ असून मी निवृत्त शिक्षक आहे. वर्षभरापासून चढ चढताना छाती भरून येते आणि थांबलो की बरे वाटते. ट्रेडमिल चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आल्यामुळे (म्हणजे श्रमात हृदयाला रक्त कमी पडत असावे, असे दिसल्यामुळे) पुढच्या आठवड्यात अँजिओग्राफी ठरली आहे. पूर्ण भूल देणार नाहीत, हे कळल्यापासून झोप लागत नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, अर्ध्या तासाचं काम आहे, एवढं काय घाबरताय?’ त्याने धीर येण्याऐवजी ओशाळल्यासारखेच होते. मनाची तयारी कशी करावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ओशाळण्याचे काही कारण नाही. अँजिओग्राफीत जागेपणी आपल्या हृदयापर्यंत बारीक नळी जाणार, या कल्पनेने कोणाच्याही पोटात गोळा येईल. मात्र मनगटावर जागा बधिर करण्याचे इंजेक्शन टोचते तेवढेच; रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला स्पर्श कळत नसल्यामुळे नळी पुढे सरकलेली सहसा जाणवत नाही. १९२९ साली वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने स्वतःच्याच दंडातील शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली आणि ती तशीच ठेवून तो क्ष-किरण विभागापर्यंत चालत गेला. (वरिष्ठांची परवानगी नसताना केलेल्या या उद्योगाबद्दल त्याला तेव्हा बोलणी बसली, आणि १९५६ मध्ये नोबेल मिळाले.)

आपल्याला जाणवेल ते वेगळेच असेल. कॅथलॅब, म्हणजे ही तपासणी होते ती खोली, बरीच थंड असते, टेबल अरुंद असते आणि क्ष-किरणांचा मोठा कॅमेरा छातीच्या अगदी जवळ येऊन फिरतो. डाय (क्ष-किरणांत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून नळीतून सोडायचे द्रव्य) सोडल्यावर क्षणभर अंगात ऊब पसरू शकते, एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. हे आधी ठाऊक नसेल, तर त्या क्षणी ‘संपलं सगळं’ असे वाटण्याची शक्यता असते. मनगटातील धमनी आकसली तर हात दुखतो, आणि भीतीने ती अधिक आकसते. म्हणून धीट असल्याचा आव न आणता ‘मला फार भीती वाटते आहे’ असे तेथील परिचारिकेला स्पष्ट सांगावे. गरजेप्रमाणे मन शांत करणारे औषध देता येते. श्वास सावकाश घेऊन त्याहून सावकाश सोडत राहिल्यानेही फरक पडतो. संमतीपत्रातील गुंतागुंतींची यादी आदल्या दिवशीच मागून, डॉक्टरांसमोर बसून वाचावी. गंभीर गुंतागुंत ठरवून केलेल्या अँजिओग्राफीत शंभरात एकाहूनही कमी जणांना होते.

माझ्या मते आपल्या घराने खरी तयारी करायची आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. रुग्ण टेबलावर असतानाच नातेवाइकांना आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवतात आणि विचारतात, ‘नव्वद टक्के ब्लॉक आहे, आताच स्टेंट टाकून घ्यायचा का?’ (स्टेंट म्हणजे अरुंद झालेली धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी.) आता निर्धास्त असलेला मुलगाच त्या पाच मिनिटांत सर्वांत जास्त घाबरलेला असेल. तेव्हा आधीच्या भेटीत त्याला बरोबर नेऊन विचारून घ्यावे : काय आढळले तर स्टेंट, काय आढळले तर बायपास, कशासाठी नुसती औषधे, आणि कोणत्या निर्णयाला चार दिवस थांबता येईल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की आपल्यासारखा स्थिर त्रास असलेल्या रुग्णांत औषधांना सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपासची जोड दिल्याने, नुसत्या औषधांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. छातीत दुखणे मात्र अधिक कमी झाले. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीतील मोठा अडथळा याला अपवाद आहे. तसे रुग्ण त्या अभ्यासात घेतलेच नव्हते. म्हणजे बहुतेक वेळा विचार करायला सवड असते, आणि ती मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. काय ठरले ते कागदावर लिहून मुलाच्या खिशात ठेवावे.

मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी कोणती घ्यायची, कोणती थांबवायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मनाने एकही बंद करू नये. मूत्रपिंडाचा विकार किंवा पूर्वी डायची ॲलर्जी झाली असल्यास तेही न विसरता सांगावे. आणि या आठवड्यात बसल्या जागी छातीत दुखू लागले, किंवा थांबूनही दुखणे गेले नाही, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता, रात्र असली तरी, लगेच रुग्णालय गाठावे.