खडकाळ किनाऱ्यावर बाहुलीचे फोटो : कॅमेरा किती खाली न्यायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी. किनाऱ्याकिनाऱ्याने बरेच दिवस फिरायचं आहे, सोबत २९ सेंटीमीटरची व्हायनिलची बाहुली आणि साधारण ५८ सेंटीमीटरची रेझिनची, अशा दोघी न्यायचा विचार आहे. आतापर्यंतच्या फोटोंत बाहुली खडकावर कुणीतरी ठेवून दिल्यासारखी दिसते, ती स्वतः तिथे आली आहे असं वाटत नाही. वारा तिला उभं राहू देत नाही. खाऱ्या पाण्याची धास्ती आहेच. आणि कॅमेरा घ्यावा की फोन पुरेल, हे ठरत नाहीये.

‘ठेवून दिल्यासारखी’ हे तुम्ही अचूक पकडलंत, म्हणून तिथूनच सुरुवात करते. समुद्रावर काढलेल्या कुठल्याही फोटोत क्षितिजाची रेघ कॅमेऱ्याच्या उंचीवरूनच जाते. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असेल, तर शेजारी उभ्या दीड मीटर उंचीच्या माणसाच्या डोक्याला ती रेघ टेकते. तुम्ही उभ्याने किंवा उकिडवं बसून बाहुलीचा फोटो काढता तेव्हा ती रेघ बाहुलीच्या डोक्याच्या कितीतरी वर जाते, आणि पाहणाऱ्याला न सांगता कळतं की ही वस्तू सव्वा वीत आहे. तीच बाहुली, तोच खडक, फक्त कॅमेऱ्याची भिंग तिच्या डोळ्यांच्या पातळीवर, म्हणजे तिच्या पायांपासून २६-२७ सेंटीमीटरवर आणा. क्षितिज तिच्या डोळ्यांतून जाईल आणि ती समोरच्या माणसाएवढी होईल. भिंग कमरेपर्यंत खाली नेलीत तर ती समुद्रापेक्षा उंच, करारी दिसते. एवढं मात्र पाहा की रेघ मानेतून जाऊ नये, फोटोत गळा कापल्यासारखा वाटतो.

इतकं खाली जायचं म्हणजे ओल्या कातळावर पालथं पडायचं का? गरज नाही. बाहुलीला तुमच्या छातीएवढ्या उंचीच्या खडकावर उभी करा. भिंग तिच्या पायांच्या तुलनेत खाली हवी, तुमच्या पायांच्या तुलनेत नव्हे. खडक बुटका असेल तर फोन उलटा धरा, म्हणजे त्याची भिंग खालच्या कडेला येऊन दगडाला जवळजवळ टेकते. फोटो नंतर सरळ करता येतो.

दुसरी गोष्ट जागा निवडण्याची, आणि माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. आपण किनाऱ्यावर पोचतो, समोर भव्य कडे असतात आणि बाहुलीला त्या भव्यतेसमोर उभं करण्याचा मोह होतो. तसे फोटो क्वचितच जमतात, कारण मोठ्या कड्याच्या पायथ्याशी बाहुली एक ठिपका होते आणि तिला मोठं करायला जवळ गेलं की कडा धूसर होतो. त्यापेक्षा मोठ्या किनाऱ्याच्या पोटात दडलेला छोटा किनारा शोधा. २९ सेंटीमीटरची बाहुली एकास सहा प्रमाणाची असते. तिच्यासाठी ३० सेंटीमीटर खोल कपार म्हणजे पुरुषभर उंचीची घळ. ओहोटीनंतर कातळात साचून राहिलेलं मीटरभर रुंदीचं डबकं म्हणजे सहा मीटरचं तळं. हाताएवढी खाच म्हणजे समुद्राने कोरलेली गुहा. भरती-ओहोटीने झिजलेल्या कातळावर अशा जागा पावलोपावली मिळतात, आणि तिथे उभी राहिलेली बाहुली खरोखर प्रवासाला निघालेली वाटते. कॅमेरा बाहेर काढण्याआधी मी नुसती बसून अशा जागा न्याहाळते. तुम्हीही तसंच करा.

जागा निवडताना दगडाचा पोत बघा. जाड वाळूचा मिलिमीटरभर कण तिच्या जगात सहा मिलिमीटरची खडी होतो, म्हणून वाळूत उभी केलेली बाहुली लगेच खेळणं दिसते. समुद्राने घासून गुळगुळीत केलेला कातळ मात्र कुठल्याही प्रमाणात कातळच दिसतो. खडकाला चिकटलेले शिंपले आणि बार्नेकलचे पांढरे सुळके चौकटीत कमीत कमी घ्या, कारण त्यांचा खरा आकार सगळ्यांना ठाऊक असतो. आणि ते जिवंत प्राणी आहेत, तेव्हा पाय रोवायला त्यांना खरवडू नका. डबक्यातला दगड उचललात तर तो होता तसाच परत ठेवा, त्याच्या खालच्या ओलाव्यावर बरंच काही जगत असतं.

पाणी हा सगळ्यात चुगलखोर भाग. पाण्याचे थेंब आणि फेसाचे बुडबुडे बाहुलीसाठी लहान होत नाहीत. अर्ध्या सेंटीमीटरचा बुडबुडा तिच्या घोट्याशी तीन सेंटीमीटरचा दिसतो. म्हणून फेस येईल तो मागे, दूर, धूसर. पायाशी स्थिर पाणी किंवा नुसता ओला चकचकीत दगड. दूरच्या मोठ्या लाटा मात्र निर्धास्त घ्या. कॅमेरा खाली असला की लांबची साधी लाटसुद्धा तिच्या खांद्यापर्यंत उठलेली दिसते.

व्हिडिओ काढणार असाल तर एक हिशेब उपयोगी पडेल. लहान लाटा आकाराच्या मानाने मोठ्यांपेक्षा भरभर हलतात, आणि त्या घाईमुळे प्रमाण उघडं पडतं. लाटेचा वेग तिच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून एकास सहासाठी हालचाल सहाच्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास अडीचपट संथ करावी लागते. सेकंदाला ६० फ्रेमने चित्रण करून ते २४ फ्रेमने दाखवलं की बरोबर अडीचपट संथ होतं. छोट्या प्रतिकृती वापरून समुद्राचे प्रसंग चित्रित करणारे छायाचित्रकार हेच करत आले आहेत. डबक्यातली तरंगरेषा अशी संथ केली की ती सरोवरातली लाट होते. हे पहिल्यांदा पाहताना फार आनंद होतो!

आता फोन की कॅमेरा. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ५० मिलिमीटरची भिंग, एफ ८ (भिंगेच्या छिद्राचं माप; आकडा मोठा तसं छिद्र लहान) आणि बाहुली ६० सेंटीमीटरवर, असं धरलं तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा-सात सेंटीमीटरचा असतो. चेहरा आणि खांदे स्पष्ट येतात, मागचा किनारा विरघळून जातो. चेहऱ्याच्या चित्रासाठी हे सुंदर आहे, पण ‘ती या किनाऱ्यावर आहे’ हे दाखवायला कामाचं नाही. शिवाय इतका अरुंद पट्टा स्वतःच लहान वस्तूची खूण असतो. फोनचा सेन्सर लहान आणि भिंग रुंद, त्यामुळे बाहुलीही दिसते आणि मागचे कडेही ओळखू येतात. म्हणून प्रवासात फोन पुरतो, आणि अनेकदा तोच सरस ठरतो. पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवा, तो केसांच्या कडा खातो. कॅमेरा नेलात तर २४ ते ३५ मिलिमीटरची जवळून फोकस होणारी भिंग लावा आणि एफ ११ च्या आसपास राहा.

उजेडाबद्दल फार लिहीत नाही, कारण ढगाळ दिवस हाच बाहुलीचा दिवस. भर उन्हात व्हायनिलच्या कपाळावर आणि नाकावर पांढरा डाग चमकतो. पोलरायझर फिल्टरने तो आणि ओल्या दगडाची चकाकी दोन्ही कमी होतात, पण फिल्टर फिरवताना नजर तिच्या डोळ्यांवर ठेवा. चकाकीबरोबर डोळ्यातला प्रकाशबिंदूही निघून जातो, आणि तो गेला की चेहरा निर्जीव होतो. पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद तिच्या समोर थोडा खाली धरलात तर बिंदू परत येतो. काचेचे डोळे असतील तर तिचा चेहरा समुद्राकडे वळवून पाहा. बुबुळात क्षितिज उतरतं, आणि त्यासाठी मी दुसरं काहीही सोडून देते.

वाऱ्यासाठी दोन गोष्टी वेगळ्या करा : उभं राहणं आणि हरवणं. उभं राहण्यासाठी जाड ॲल्युमिनियमची तार पायाच्या मागून, कपड्याखालून कमरेपर्यंत न्या आणि तिचं खालचं टोक खडकाच्या फटीत खोचा. चिकटवायची पुटी ओल्या किंवा रेतीच्या दगडावर धरत नाही, आधी तेवढी जागा फडक्याने कोरडी करा. ब्लाइथसारखी मोठ्या डोक्याची बाहुली असेल तर ती वाऱ्याने आधी डोक्याकडून झुकते, तिला बसवून किंवा कपारीला टेकवूनच घ्या. हरवू नये म्हणून कमरेला मासेमारीची पारदर्शक दोरी बांधा आणि दुसरं टोक तुमच्या पिशवीला. काम संपल्यावर दोरीचा तुकडासुद्धा मागे राहू देऊ नका, पक्ष्यांच्या पायांत ती अडकते. ताशी २० किलोमीटरच्या वर वारा असेल तेव्हा मी मोकळ्या केसांची बाहुली काढतच नाही. तिच्या केसाची जाडी आपल्या केसाएवढीच असते, म्हणजे तिच्या अंगमानाने तो ताठ धागा, आणि वाऱ्यात सगळा झुपका एकदम उठतो. वेणी घाला किंवा डोक्याला रुमाल बांधा. कपडाही पातळात पातळ घ्या आणि परकराच्या घडीत बारीक मणी शिवा, म्हणजे तो वजनदार कापडासारखा पडतो.

इथे एका गोष्टीवर मला आग्रह धरायचा आहे. खाली वाकून, एक डोळा मिटून, तिची बट सारखी करताना समुद्राकडे तुमची पाठ असते. खडकाळ किनाऱ्यावरचे अपघात असेच घडतात. बाहुली पिशवीतून काढण्याआधी १५-२० मिनिटं नुसता समुद्र पाहा, कारण मोठ्या लाटा अधूनमधून येतात आणि पहिल्या पाच मिनिटांत त्या दिसतीलच असं नाही. दगड जिथवर काळा आणि ओला आहे तिथवर पाणी येतं, तिथे उभं राहायचं नाही. भरतीचं वेळापत्रक आदल्या रात्री पाहा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं असतात, म्हणजे कालची सोयीची वेळ आज साधारण ५० मिनिटं पुढे गेलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा ओहोटी खूप आत जाते, सुरेख डबकी उघडी पडतात, पण पाणी परतही तितक्याच जोरात येतं. आणि ते एकसारखं चढत नाही : सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळजवळ निम्मी चढण होते. म्हणून ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी पोचा आणि पाणी वळलं की निघा. बाहुली पाण्यात पडली तर पडली. तिच्या मागे जायचं नाही, ती कितीही लाडकी असली तरी.

खाऱ्या तुषारांचा त्रास खरा आहे, पण आवरता येतो. मुक्कामी पोचल्यावर त्याच संध्याकाळी विग आणि कपडे काढून गोड्या पाण्याने अंग विसळा. सुकलेल्या मिठाचे कण सांध्यांत घासत राहतात, म्हणून आधी विसळायचं, मग पुसायचं. हाताने रंगवलेला चेहरा चोळू नका, ओल्या मऊ कापडाने टिपा. कॅमेऱ्याची भिंगही कोरडी पुसू नका : आधी फुंकणीने रेती उडवा, मग ओलसर कापड. गडद रंगाचे कपडे दमट हवेत व्हायनिलवर डाग सोडतात, आत अंगाच्या रंगाचं पातळ अस्तर घाला आणि प्रवासात ते कपडे वेगळेच ठेवा. बंद गाडीत उन्हात बाहुली ठेवायची नाही, व्हायनिल मऊ पडून वाकतं.

हे सगळं पाहता दोघींपैकी मी लहानीलाच नेईन. कातळातल्या कपारी तिच्या मापाच्या आहेत, ती हलकी आहे, आणि तुमचा एक हात नेहमी मोकळा राहील. खडकांवर तो मोकळा हात फार मोलाचा आहे. रेझिन उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळं पडतं, हातपाय जोडून धरणारं रबर ज्यांत अडकवलेलं असतं ते आतले लोखंडी आकडे खाऱ्या हवेत गंजतात आणि तो गंज रेझिनवर उतरतो. तिला न्यायचंच असेल तर निघण्याआधी आकडे स्टेनलेस स्टीलचे आहेत का ते तपासा, दोन फोटोंच्या मध्ये तिला जाड कापडाखाली ठेवा, आणि धुतल्यावर सांधे सैल करून आतलं रबर पूर्ण वाळल्याशिवाय पुन्हा गुंडाळू नका.